रोबोट वेल्डिंग आलं तर गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानाचं काय?

चॅनलगेट (दारव्हा तालुका)

राजेहो, हिशेब जुळत नाही म्हणून विचारतो. गावातलं दुकान आहे. शेड, चॅनल गेट, ग्रील, ट्रॉलीची दुरुस्ती, पेरणीच्या आधी कल्टिवेटर अन् रोटाव्हेटर, सुगीत हडंबा, म्हणजे मळणी यंत्र. दोन जुनी ऑइलवाली ट्रान्सफॉर्मर मशीन, एक २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर, १४ इंची कटर, गॅस कटिंगचा सेट. माणसं तीन.

मोबाइलवर रोज रोबोट वेल्डिंगचे अन् हातातल्या लेझरचे व्हिडिओ येतात. विकणारे सांगतात, एक मशीन दहा वेल्डरचं काम करते. पुतण्या दहावी झाला. तो आयटीआयला वेल्डर ट्रेड घेतो म्हणतो, घरचे म्हणतात काहून घेतो, धंदाच बुडणार हाये.

मला नेमकं हे पाहिजे:
रोबोट आपल्यासारख्या दुकानापर्यंत येईल का? पहिलं मशीन कोणतं घ्यावं, मिग (गॅसच्या आडोशात वायर आपोआप पुढे सरकते ते वेल्डिंग) की लेझर? संध्याकाळी व्होल्टेज १८०-१९० वर येते, त्यात ही इलेक्ट्रॉनिक मशीनं टिकतील का? आणि पोरानं शिकावं काय?

फिक्सचरवाला (बुटीबोरी)

भाऊ, रोबोट पहिल्यांदा कारखान्यात उभा राहिला १९६१ मध्ये, अमेरिकेत जनरल मोटर्सकडे. तिथे तो डायकास्टिंगमधले गरम भाग उचलायचा. मोटारीच्या बॉडीचं स्पॉट वेल्डिंग त्याच दशकाच्या शेवटी आलं. म्हणजे ही साठ वर्षं जुनी गोष्ट आहे, तरी तुमच्या दुकानात ती पोचली नाही. त्याचं कारण मशीनच्या किमतीत आहे त्यापेक्षा जास्त तुमच्या १४ इंची कटरमध्ये आहे.

सहा अक्षांचा वेल्डिंग रोबोट शिकवलेल्या बिंदूवर पुन्हा जातो तेव्हा फरक ०.०५ मिमीच्या आसपास असतो. पण तो बिंदूवर जातो, सांध्यावर नाही. सांधा दीड मिमी सरकला तर वायर मोकळ्या जागेत जळते आणि रोबोट तसाच पुढे निघून जातो. ढोबळ नियम असा की सांधा वायरच्या जाडीच्या निम्म्यापेक्षा जास्त सरकू नये. वायर १.२ मिमीची तर मुभा ०.६ मिमी. अबरेसिव्ह कटरनं कापलेला अँगल किंवा हातानं गॅस कटिंग केलेली प्लेट दोन-तीन मिमी इकडेतिकडे असतेच. आपला वेल्डर हे डोळ्यानं बघतो आणि हात हलवून गॅप भरतो. रोबोटला हेच काम द्यायचं तर टच सेन्सिंग (जॉबला स्पर्श करून सांधा शोधणं) लागतं किंवा लेझरनं सांधा बघत जाणारा सीम ट्रॅकर, आणि ते सगळं लावूनही चार मिमीची गॅप तो भरत नाही.

म्हणून रोबोटच्या आधी तीन गोष्टी याव्या लागतात. सीएनसी प्लाझ्मा किंवा लेझर कटिंगचे एकसारखे तुकडे, क्लँपवालं फिक्सचर (तुकडे दरवेळी त्याच जागी घट्ट धरणारा साचा), आणि एकसारखा माल भरपूर. तिसरी गोष्ट कागदावर मांडून बघा. एका नव्या जॉबचं फिक्सचर आणि प्रोग्रॅम जमवायला १६ तास लागले आणि प्रत्येक नगामागे ४ मिनिटं वाचली, तर फक्त ते १६ तास भरून निघायला २४० नग लागतात. चॅनल गेट तुम्ही वर्षाला किती करता, आणि त्यातले दोन तरी एका मापाचे असतात का?

रोबोटचा फायदा खरा आहे, तो नाकारू नका. हातानं करताना आर्क प्रत्यक्ष पेटलेला वेळ साधारण २० ते ३० टक्के असतो, बाकी रॉड बदलणं, स्लॅग (वेल्डिंगवरचं कवच) झाडणं, जॉब उलटवणं. रोबोट सेलमध्ये तो ६०-७० टक्क्यांवर जातो. पण तो हिंगण्याच्या ट्रॅक्टर कारखान्यासारख्या जागी, जिथे एकच ब्रॅकेट रोज शेकड्यानं लागतो.

कोबोटचे, म्हणजे माणसाशेजारी काम करणाऱ्या छोट्या रोबोटचे, व्हिडिओ बघताना एक लक्षात ठेवा. हात धरून शिकवता येतो हे खरं, माणसाला धडकला तर थांबतो हेही खरं. आर्क आणि तापलेली टॉर्च मात्र तीच राहते, त्यामुळे पडदा, धूर ओढणारा पंखा अन् कुंपण चुकत नाही.

काळी माती (हिंगणघाट)

फिक्सचरवाले दादा, गणित बरोबर आहे, पण रोबोट दुकानात आला नाही म्हणजे धंद्याला लागला नाही असं नाही. तो शोरूमच्या वाटेनं आला. आजचा कल्टिवेटर, पलटी नांगर, रोटाव्हेटर तयार येतो अन् त्याच्या फ्रेमवरचा बीड (वेल्डिंगची ओळ) मशीनचा असतो. आधी हेच अवजार तालुक्याच्या गावात बनायचं. नवीन ग्रीलचंही तेच होत चाललंय, सीएनसीवर कापलेली डिझायनर जाळी नागपुराहून येते. चॅनलगेट भाऊ, नवीन मालात त्यांच्याशी भावावर भिडू नका.

तुमच्याकडे उरते ती दुरुस्ती, आणि ती कमी नाही. काळ्या मातीत फाळ झिजतात, गोट्यात तुटतात. पण दुरुस्तीत आपल्याकडे सर्रास चूक होते. कोणतंही पोलाद असो, ६०१३ चा, म्हणजे नेहमीचा साधा रॉड लावायचा. मग महिनाभरात सांध्याच्या शेजारून, अगदी बीडला लागून, तडा जातो आणि दोष रॉडला देतात.

कमानपाट्यापासून केलेला फाळ घ्या. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा वरच. थंड लोखंडावर बीड टाकला की आजूबाजूची उष्णता पाटा झपाट्यानं ओढून घेतो आणि बीडशेजारची पट्टी काचेसारखी कडक होते. रॉड ओला असेल तर हायड्रोजन शिरतो आणि तडा दुसऱ्या दिवशी दिसतो. तर असं करा:

घासून स्वच्छ करा. गॅसच्या ज्योतीनं २५०-३०० अंशांपर्यंत तापवा. टेम्परेचर चॉक नसेल तर पॉलिश केलेल्या जागी निळी झाक आली की ३०० च्या आसपास समजा. ७०१८ चा (कमी हायड्रोजनवाला) रॉड ओव्हनमध्ये ३००-३५० अंशांवर तासभर भाजलेला हवा. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड म्हणजे नुसतं नाव ७०१८. बीड छोटे. झालं की जॉब राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून ठेवा, हळूहळू थंड होऊ द्या. पाण्यात बुडवायचा नाही, कितीही घाई असो. पोलाद कोणतं तेच कळत नसेल तर ३१२ चा स्टेनलेस रॉड वापरा, महाग आहे पण अनोळखी पोलादाला तो धकतो.

हार्डफेसिंगचा (झीज रोखणारा थर देण्याचा) कडक रॉड झिजलेली जाडी भरून काढायला वापरू नका. जाडी ७०१८ नं भरा, वर कडक थर एक, फार तर दोन. तिसरा थर ढलप्यांनी निघतो. क्रोम कार्बाइडच्या थरावर आडव्या बारीक चिरा दिसतात, त्या असायच्याच, घाबरू नका. फाळाच्या एकाच बाजूला थर द्या. दुसरी बाजू झिजत जाते अन् धार आपोआप राहते. रोटाव्हेटरचं पातं बोरॉन स्टीलचं, कडक केलेलं असतं. त्याच्या फक्त टोकाच्या धारेवर काम करा. बोल्टच्या भोकांजवळ आणि वाकाच्या जागी आर्क लावायचाच नाही. तुटलेलं पातं जोडून द्या असा आग्रह गिऱ्हाइक करते, पण फिरत्या रोटाव्हेटरमधून सुटलेला तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही. नवं पातं घ्यायला सांगा.

जिनिंगची दुरुस्ती हाही असाच न संपणारा प्रांत, फक्त तिथं जोखीम वेगळी. रुईचा भुसा पाइपच्या आत, बीमच्या वर, पत्र्याच्या मागे साठतो. आर्कचा शिंतोडा त्यात धगधगत न राहता नुसता धुमसतो आणि लोक जेवायला गेल्यावर पेट घेतो. दहा मीटरमधला भुसा काढणं, ओलं गोणपाट, पाणी हाताशी, आणि काम संपल्यावर किमान अर्धा-एक तास एक माणूस नुसता बघत बसलेला. त्याची हजेरी बिलात लावा.

चॅनलगेट

दोघांचंही पटलं. म्हणजे पहिलं मशीन मिग का? एका ओळखीच्याचं मिग अंगणात लावून पाहिलं तर बीडमध्ये छिद्रंच छिद्रं. दुसरं, चॅनलच्या सांध्यावर दिसायला झकास बीड आला, पण घणाचा एक टोला मारला तर अख्खा बीड सुटून आला. अन् लाइटचं कोणी बोललं नाही.

बारा लिटर (वर्धा)

छिद्रं वाऱ्यामुळे, दुसरं कमी उष्णतेमुळे. दोन्ही मिगचे जुने आजार.

मिगच्या गॅसचं छत्र ताशी ७-८ किलोमीटरच्या वाऱ्यानंही फाटतं. वैशाखातली झोंबरी हवा तर सोडाच, पंखा जॉबकडे तोंड करून असेल तरी छिद्रं येतात. आपण मग काय करतो, गॅस वाढवतो. २५ लिटरवर नेला की नोझलमधून गॅस घुसळत निघतो आणि बाहेरची हवा आत ओढतो, छिद्रं वाढतात. १० ते १५ लिटर प्रतिमिनिट पुरे. तीन बाजूंनी ताडपत्रीचा आडोसा करा, जॉबला लागून नाही, हातभर दूर. नोझलमध्ये शिंतोडे साचले असतील तर गॅस एका बाजूनं वाहतो, तेही बघा. आणि गंज, रंग, जस्ताचा थर दोन्ही बाजूंनी इंचभर घासून टाका. ६०१३ हे सगळं खपवून घेतो, मिग घेत नाही.

उघड्यावर शेडचंच काम असेल तर गॅस न लागणारी, आत फ्लक्सची पावडर भरलेली फ्लक्स कोअर वायर मिळते, ई७१टी-११. तिला ध्रुव उलटे लागतात, टॉर्च ऋण आणि अर्थ केबल धन. मशीनमध्ये ही पट्टी बदलायची सोय आहे का ते विकत घेतानाच विचारा. रोलर दातेरी हवा, साध्या व्ही रोलरवर ती पोकळ वायर चेपते. धूर जास्त, स्लॅग झाडावा लागतो.

आता सुटलेला बीड. ०.८ ची वायर, १७-१८ व्होल्ट आणि ९०-१०० अँपिअर, हे दोन-तीन मिमीच्या पाइपचं सेटिंग आहे. चॅनलच्या सात-आठ मिमीच्या फ्लँजवर तेच लावलं की वितळलेली धातू नुसती वर पसरते, खालचं लोखंड वितळतच नाही. रॉडमध्ये असा दोष झाला तर बीड ओबडधोबड दिसून चुगली करतो. मिगचा बीड देखणा राहतो, म्हणून हा जास्त घातक. ट्रॉलीची चासी, दांडीचा हुक, अॅक्सलचं बूड इथे दोनच पर्याय: १.२ ची वायर २०० अँपिअरच्या वर, नाहीतर सरळ ७०१८. तुमच्या त्या घणाच्या टोल्याला पाठ्यपुस्तकात फिलेट ब्रेक टेस्ट म्हणतात. दर नव्या सेटिंगला दोन भंगार तुकडे टी आकारात एकाच बाजूनं झाळा, बीडकडे दुमडेल असं ठोका, आणि तुटलेल्या जागी मुळापर्यंत करडा खडबडीत तुटवा दिसतो का बघा. मुळाशी चकचकीत सरळ कड दिसली तर तिथं वितळलंच नाही.

मिग घ्यावं का, याचा हिशेब धातूत करा. ६ मिमी पायाचा फिलेट (दोन तुकड्यांच्या कोपऱ्यातला त्रिकोणी बीड), एक मीटर लांब, त्यात धातू जाते साधारण १४० ग्रॅम. ३.१५ चे सहा-सात रॉड. या रॉडनं १२० अँपिअरला तासाभराच्या आर्कमध्ये किलोभर धातू पडते. १.२ ची वायर २०० अँपिअरला पावणेतीन किलोच्या पुढे, आणि स्लॅग नाही, थोटकं नाही. अजून एक, ६ मिमीच्या जागी हात सैल सोडून ८ मिमीचा बीड टाकला तर १४० चे २५० ग्रॅम होतात. मजबुतीच्या नावाखाली आपण सगळे हेच करतो.

गॅस: एक किलो सीओटूचा साधारण ५४० लिटर वायू होतो. १२ लिटरच्या धारेनं ४५ मिनिटांचा आर्क. सिलिंडर भरून आणायचं गाव किती दूर, त्यावर ठरवा. आर्गन मिक्सनं शिंतोडे कमी होतात पण भरायला आणखी लांब जावं लागतं. रेग्युलेटरला हीटर हवाच, नाहीतर बर्फ धरतो आणि गॅस मध्येच अडखळतो.

लाइट. २०० अँपिअरचं सिंगल फेज मशीन पूर्ण भारावर ३५-४० अँपिअर ओढते. मीटरपासून ३० मीटर लांब २.५ चौरस मिमीची वायर असेल तर त्या वायरमध्येच १६ व्होल्ट जातात. ६ चौरस मिमी टाकली तर सातच्या आत. आधी हे बदला, पुष्कळदा अर्धा रोग इथंच बरा होतो. मग थ्री फेज मशीन घ्या: तेवढंच काम, पण प्रत्येक फेजला १२ अँपिअरच्या आसपास. मशीनच्या पाटीवर पुरवठ्याची मर्यादा अधिक-उणे १५ टक्के असेल तर सिंगल फेजला १९५ च्या खाली ते चालवायचं नाही. स्टॅबिलायझर घ्यायचा तर १० केव्हीए सर्व्हो. मात्र गावची लाइनच ओढलेली असेल तर तो आणखी करंट ओढून तिला अजून खाली पाडतो. जुनं ऑइलवालं मशीन विकू नका. १८० व्होल्टवर, धुळीत, उघड्यावर तेच चालतं.

निळी काच

लेझरबद्दल थोडक्यात, कारण कोणीतरी बोललं पाहिजे. दीड किलोवॉटचं हातातलं फायबर लेझर पातळ पत्र्यावर, स्टेनलेसवर अप्रतिम चालतं. वाकणं नाही, घासणं नाही. पण ०.५ मिमीच्या वर गॅप नको, म्हणजे पुन्हा तुमचा कटर आडवा आला. चिलरसकट पुरवठा सहा-सात किलोवॉटचा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पारा ४५ च्या वर जातो, बऱ्याच चिलरची मर्यादा त्याच्या आधीच संपते. पावसाळ्यात उलटं, चिलरचं पाणी फार थंड ठेवलं तर आतल्या काचेवर दव धरतं आणि काच जळते.

खरी भीती डोळ्याची. हा किरण १०८० नॅनोमीटरच्या आसपासचा, दिसत नाही. वेल्डिंगच्या काळ्या काचेचा भरवसा इथे धरू नका. चकचकीत पत्र्यावरून उसळलेला किरणही डोळ्याचा पडदा कायमचा जाळतो, आणि तो डोळा वेल्डरचाच असेल असं नाही, दारात उभ्या गिऱ्हाइकाचाही असू शकतो. त्या तरंगलांबीचा, ओडी ७ दर्जाचा (ओडी म्हणजे किरण अडवण्याची क्षमता) चष्मा खोलीतल्या प्रत्येकाला, आणि बंद खोली. रस्त्याच्या कडेच्या उघड्या दुकानात हे मशीन बसत नाही. जॉबला चिमटा लागल्याशिवाय किरण सुटू नये म्हणून सर्किट असतं, ते तार जोडून बायपास करणारे व्हिडिओही फिरतात. तसं करणाऱ्याच्या दुकानात पाऊल टाकू नका.

सहा-जी (चंद्रपूर)

पोराचं सांगतो. वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, घेऊ द्या. फक्त तेवढ्यावर थांबला तर घरच्यांचं म्हणणं खरं ठरेल. सपाट जागेवर सरळ बीड ओढणं हे कौशल्य मशीन आधी खाते.

मशीन जात नाही तिथे जायचं शिकवा. चंद्रपूर, कोराडीची वीज केंद्रं, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने यांची शटडाऊनची कामं बघा. बॉयलरमध्ये दोन नळ्यांमध्ये हात जेमतेम जातो, मागची बाजू आरशात बघून टिग (टंगस्टनच्या टोकानं आर्क पेटवून फिलर वायर हातानं द्यायचं वेल्डिंग) मारावी लागते. त्यासाठी क्रम असा: आधी ३जी, म्हणजे उभी प्लेट, मग ४जी, डोक्यावरची, मग ६जी, ४५ अंशात घट्ट बसवलेला पाइप, जो फिरवायचा नाही. मुळाचा, म्हणजे सांध्याच्या तळाचा बीड टिगनं २.४ ची फिलर वायर घेऊन, वरचे ७०१८ नं. एक्स-रे निघतो, त्यात नापास होण्याची नेहमीची कारणं दोन: सुरू-बंदच्या जागी मूळ न मिळणं आणि टंगस्टनचं टोक बुडून आत राहणं. बॉयलरच्या कामाला आयबीआरचं (भारतीय बॉयलर नियमांचं) वेगळं प्रमाणपत्र लागतं. एएसएमई या अमेरिकी इंजिनिअर संस्थेच्या नियमात सहा महिने ती पद्धत वापरली नाही तर पात्रता संपते, म्हणून कामाची नोंदवही ठेवायची सवय आतापासून.

आणि जोडीला रोबोट शिकू द्या. आयटीआयमध्ये इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन असा ट्रेडही आहे. रोबोटला वेल्डिंग शिकवणाऱ्याला बीड बघून व्होल्टेज जास्त की वेग जास्त हे ओळखता आलं पाहिजे. नुसती बटणं येणारा माणूस तिथे अडतो. ड्रॉइंगवरची वेल्डिंगची चिन्हं वाचणं आणि गुण्या-व्हर्नियर हातात खेळणं, हे दोन्हीकडे लागतं.

फिक्सचरवाला

चॅनलगेट भाऊ, ऑटोमेशनच करायचं मन असेल तर एक गोष्ट तुमच्या दुकानात खरंच चालेल. फिरता रोटेटर. हडंब्याचा ड्रम, रोलर, पाइपला फ्लँज, असं सगळं गोल काम त्यावर होतं. टॉर्च स्टँडला बांधायची, जॉब फिरतो.

वेग असा काढा. दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६० मिमी, घेर १८९. मिगचा वेग मिनिटाला ३०० मिमी धरला तर १.६ फेरे. १४४० आरपीएमची अर्धा एचपी मोटर, ६०:१ चा वर्म गिअरबॉक्स, म्हणजे २४. पुढे चेन १:३ नं, म्हणजे ८. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) ५० वरून १० हर्ट्झवर आणला की १.६. मोटर थ्री फेजच हवी, सिंगल फेजची मोटर व्हीएफडीवर चालत नाही. व्हीएफडी मात्र सिंगल फेज इनपुटचा मिळतो. पायात दाबायचा स्विच लावा, दोन्ही हात मोकळे राहतात. टॉर्च अगदी माथ्यावर ठेवू नका. जॉब ज्या बाजूकडून वर येतो त्या बाजूला, माथ्याच्या किंचित अलीकडे धरा, म्हणजे धातू माथ्यावर पोचेपर्यंत गोठते आणि पलीकडे ओघळत नाही.

चॅनलगेट

जुना गिअरबॉक्स दुकानात पडून हाये. अर्थ केबल फ्रेमला चिमटा लावून दिली तर चालेल?

फिक्सचरवाला

नाही. करंट मग बेअरिंगमधून जॉबकडे जातो, गोळ्या अन् रेस यांच्यामध्ये बारीक आर्क पेटतो आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग करकरायला लागते. शाफ्टवर थेट घासेल असा तांब्याचा ब्रश लावा, मागून स्प्रिंगचा दाब. २०० अँपिअरला एका ब्रशवर विसंबू नका, दोन लावा, समोरासमोर. शाफ्टची ती जागा रंगवायची नाही, आणि रोज सकाळी फडक्यानं पुसायची. मोटर अन् व्हीएफडीचं अर्थिंग वेगळं, ते वेल्डिंगच्या केबलला जोडू नका.

काळी माती

आणि चकमध्ये जॉब धरला की आधी आर्क न पेटवता एक फेरा रिकामा फिरवून बघा. टॉर्चच्या टोकाशी जॉब दोन मिमीपेक्षा जास्त वरखाली होत असेल तर पुन्हा सेंटर करा.